नळी टाकल्यापासून नळी काढेपर्यंत

व्हेंटिलेटर लावायचं ठरलं की आयसीयूत आधी शोधाशोध होते ती मोजपट्टीची. शिंप्याच्या गळ्यात असते तसली साधी टेप. पेशंटची टाळूपासून टाचेपर्यंत उंची मोजायची असते, कारण दर श्वासाला किती हवा द्यायची हा आकडा उंचीवरून निघतो. वजन ५० किलोचं ९० झालं तरी फुफ्फुस होतं तेवढंच राहतं. ऐन वेळी टेप सापडत नाही, मग कागदावर 'अंदाजे १७० सेंमी' पडतं आणि पुढचे पंधरा दिवस सगळे त्या अंदाजावर चालतात. आडव्या माणसाची उंची नजरेनं धरली की चुकते; बुटक्यांची बहुतेकदा जास्तच धरली जाते. तेव्हा टेप ट्रॉलीला बांधूनच ठेवा.

हे लिहिलंय ते आयसीयूत नव्याने लागलेल्या डॉक्टर-सिस्टरांसाठी, आणि काचेबाहेर बसून 'आत नक्की चाललंय काय' या विचाराने हैराण झालेल्या घरच्यांसाठीही. करोना किंवा फ्लूसारख्या विषाणूने दोन्ही फुफ्फुसं भरली की पुढे जे होतं ते, ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने.

टेप बाहेर निघण्याआधी एक-दोन दिवस घालमेलीत गेलेले असतात. फ्लूत ही वेळ बऱ्याचदा पहिल्या चार-पाच दिवसांतच येते, करोनात साधारण दुसऱ्या आठवड्यात. साध्या मास्कने भागत नाही म्हणून हाय फ्लो लागतो: नाकातल्या जाड नळीतून मिनिटाला ३० ते ६० लिटर गरम, दमट ऑक्सिजन. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला पालथं झोपायला सांगतात, जमेल तितके तास. या टप्प्यावर पेशंटला स्कॅनला न्यायचं असेल तर आधी सिलिंडरचा हिशेब करा. ७,००० लिटरचा भलामोठा सिलिंडर ६० लिटरच्या वेगाने, १०० टक्के ऑक्सिजनवर, दोन तासही पुरत नाही. लिफ्टपाशी दहा मिनिटं गेली तर ती ६०० लिटरची झाली.

तोंडातून श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावायचा की थांबायचं हे एका सॅचुरेशनवर, म्हणजे बोटाच्या यंत्रावरच्या ऑक्सिजनच्या टक्क्यावर, ठरवू नये. ८६ दाखवत असताना फोनवर निवांत बोलणारे पेशंट असतात आणि ९३ असताना मानेचे स्नायू ताणून, एकेका शब्दाला थांबून श्वास घेणारेही असतात. काळजी दुसऱ्याची जास्त. एक सोपा आकडा कामी येतो, रॉक्स: सॅचुरेशनला ऑक्सिजनच्या अंशाने (६० टक्के म्हणजे ०.६) भागा, मग श्वासांच्या वेगाने. सॅचुरेशन ९२, ऑक्सिजन ०.६, श्वास मिनिटाला ३०, तर ५.१. हाय फ्लो सुरू केल्यावर २, ६ आणि १२ तासांनी हा ४.८८ च्या वर असला तर थांबायला जागा आहे. सॅचुरेशन ९०, ऑक्सिजन ०.८, श्वास ३६ म्हणजे ३.१, अशा वेळी रात्र काढू या म्हणण्यात अर्थ नसतो, कारण रात्री तीन वाजता हात कमी असतात आणि पेशंट थकलेला असतो.

याच तासात कागद येतात. नळी आणि व्हेंटिलेटरचं संमतीपत्र, सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत टाकायच्या नळीचं, वेगळं. पुढे लागलंच तर डायलिसिस आणि ट्रॅकिओस्टॉमीचं (गळ्याला छिद्र पाडून नळी) त्या त्या वेळी पुन्हा वेगळं. घरच्यांनी एकच माणूस ठरवून त्याचाच नंबर द्यावा, नाहीतर तीन जणांना तीन वेळा सांगितलेलं तीन तऱ्हांनी घरी पोचतं. चालू गोळ्यांची यादी, कशाची ॲलर्जी, चष्मा, कानाचं यंत्र पिशवीत घालून द्या. कवळी काढून घरी न्या. आणि नळी टाकण्याआधी पेशंटला पाच मिनिटं घरी फोनवर बोलू द्या. पुढे बरेच दिवस आवाज नसतो.

नळी टाकणं हे काही मिनिटांचं काम, पण निरोगी माणसाला भूल देताना जी उसंत मिळते ती इथे नाही. शिकाऊ हातांची ही जागा नव्हे. युनिटमधला सगळ्यांत मुरलेला माणूस पुढे. बायकांना ७ किंवा ७.५ ची नळी, पुरुषांना ७.५ किंवा ८ ची. लहान टाकायचा मोह नको, कारण पुढे घट्ट स्राव अडकतात तेव्हा तो अर्धा मिलिमीटर आठवतो. भुलीसाठी केटामिन किलोला १ ते २ मिलिग्रॅम, स्नायू शिथिल करायला रोक्युरोनियम १.२. औषध गेल्यावर श्वास थांबतो आणि सॅचुरेशन ९० वरून ७० वर यायला मिनिटही लागत नाही. रक्तदाबही कोसळतो, म्हणून नॉरॲड्रेनलिनची सिरिंज पंपावर आधीच चढवलेली असावी. नळी श्वासनलिकेत गेली याचा भरवशाचा पुरावा म्हणजे कॅपनोग्राफवर श्वासागणिक उमटणारी कार्बन डायऑक्साइडची लाट. नळीवर वाफ दिसली, छाती हलली, एवढ्यावर समाधान मानू नये. दातांपाशी आकडा बघा, बायकांत २१, पुरुषांत २३ च्या आसपास, आणि तो चार्टवर लिहा. एक्सरे येईपर्यंत हाच आधार.

आता टेपचं काम. हिशेबासाठी १६० सेंमी उंच, ८२ किलो वजनाची बाई धरू. बायकांसाठी सूत्र: ४५.५ अधिक, उंचीतून १५२.४ वजा करून ०.९१ ने गुणलेलं. पुरुषांसाठी ४५.५ च्या जागी ५०. हिचं हिशेबी वजन आलं ५२.४ किलो. किलोला ६ मिली म्हणजे दर श्वासाला ३१५ मिली. काट्यावरच्या ८२ किलोवर तोच हिशेब केला असता तर ४९० मिली गेले असते, दीडपटीहून जास्त. हा फरक कागदी नाही. अमेरिकेत ८६१ पेशंटांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किलोला १२ मिली दिलेल्यांत ३९.८ टक्के दगावले, ६ मिली दिलेल्यांत ३१ टक्के. यंत्र तेच. बदलला होता तो श्वासाचा आकार आणि त्यासोबतची दाबाची मर्यादा.

कारण असं की आजारी फुफ्फुस पूर्ण कडक झालेलं नसतं, ते लहान झालेलं असतं. इटलीचे लुचियानो गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅनवर दाखवलं की पाठीकडचा भाग पाण्याने भरून मिटलेला असतो आणि पुढचा थोडा भाग जवळजवळ नेहमीसारखा, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढा. यंत्रातली सगळी हवा तेवढ्यात जाते. मोठ्या माणसाचा श्वास लहान मुलाच्या फुफ्फुसात कोंबला तर उरलेलं चांगलं फुफ्फुसही यंत्रच फाडतं. आयसीयूतल्या बहुतेक न पटणाऱ्या गोष्टी या एका चित्राने पटतात.

सुरुवातीला ऑक्सिजन १०० टक्के, पीप १० ते १२, श्वास २५ ते ३०. पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही आत राखलेला दाब (इथले सगळे दाब सेंटीमीटर पाण्यात). त्याने उघडलेल्या पिशव्या पुन्हा मिटत नाहीत. मग श्वास पूर्ण आत गेला की यंत्रावरचं होल्डचं बटण अर्धा सेकंद दाबा, काटा स्थिरावतो तो प्लॅटो. तो ३० च्या आत हवा. आपल्या पेशंटचा समजा २८ आला, पीप १२. दोन्हींतला फरक १६. हा फरक १५ च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणून श्वास ३१५ वरून २६० मिलीवर आणला: प्लॅटो २५, फरक १३. श्वास लहान केल्याने कार्बन डायऑक्साइड चढणार, त्यासाठी वेग २८ वर. तरी थोडा चढतोच, आणि रक्ताचा पीएच ७.२० च्या वर असेल तर आम्ही तो चढू देतो. नवा रेसिडेंट रात्री रिपोर्ट बघून घाबरतो आणि श्वास ४५० वर नेऊन ठेवतो. सकाळी रिपोर्ट सुंदर दिसतो, फुफ्फुसाने त्याची किंमत मोजलेली असते.

एक खबरदारी: पेशंट स्वतः श्वास ओढत असताना होल्डचा आकडा खोटा येतो. लाटेकडे बघा. दोन श्वास एकावर एक चढलेले दिसले, मध्ये सोडणं झालंच नाही, तर २६० चा श्वास प्रत्यक्षात ५२० चा झालाय. गुंगी वाढवा, नाहीतर श्वास आत जाण्याची वेळ थोडी लांबवा, आणि तरी जमत नसेल तर स्नायू शिथिल करणारं औषध. ते देण्याआधी गुंगी पुरेशी खोल आहे ना, हे दोनदा तपासा. जागेपणी हातपाय हलवता न येणं भयंकर असतं.

सॅचुरेशन ९२ ते ९६ पुरे. ९९ साठी धडपड करून ऑक्सिजन चढा ठेवण्यात काही हाती लागत नाही. प्रत्येक बदलानंतर अर्ध्या तासाने एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. सुरुवातीला दिवसाला चार-सहा वेळाही होते. बिलावर ती ओळ पुन्हा पुन्हा दिसते ती यामुळे.

पहिल्याच दिवशी बहुधा पालथं घालायचा निर्णय होतो. ऑक्सिजन ०.८ वर रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६२, भागाकार केला की गुणोत्तर ७७.५. १०० च्या आत आजार तीव्र धरतात, आणि १५० च्या आत पालथं घालायचं. २०१३ सालच्या फ्रान्स-स्पेनमधल्या ४६६ पेशंटांच्या चाचणीत सलग किमान १६ तास पालथं ठेवलेल्यांत २८ दिवसांत १६ टक्के गेले, उताणं ठेवलेल्यांत ३२.८. औषधांतही इतका फरक क्वचित दिसतो, आणि याला लागतात पाच माणसं नि दोन चादरी.

एक डोक्याशी, दोन-दोन कुशींना. तासभर आधी राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणारी नळी) फीड बंद करून पोट रिकामं करायचं. डोळ्यांत मलम, वर पट्टी. तोंड आणि नळी सक्शन करून घ्यायची, ऑक्सिजन १०० वर. छातीवरचे ईसीजीचे चिकटे काढायचे, ते नंतर पाठीवर लागतात. प्रत्येक लाइन आणि युरोबॅग (लघवीची पिशवी) कुठून कुठे जाणार हे हातात धरून मोठ्याने बोलायचं. खालची चादर आणि वरची चादर कडांनी एकत्र गुंडाळली की माणूस मध्ये घट्ट बसतो. आधी व्हेंटिलेटरच्या विरुद्ध कडेला सरकवायचं, मग व्हेंटिलेटरकडे तोंड करून कुशीवर, मग पालथं. मोजायचं काम डोक्याशी उभ्या असलेल्याचंच. त्याचा एक हात नळीवर, ओठांपाशी, आणि तो हात शेवटपर्यंत सुटत नाही. बाकी कुणी 'हं, उचला' म्हणायचं नाही. पालथं झाल्याझाल्या कॅपनोग्राफची लाट, मग दातांपाशीचा आकडा, मग दोन्हीकडचे श्वास. २१ चा १९ झाला असेल तर आत्ताच कळायला हवं.

वेळही नीट निवडा. दुपारी तीन-चारला पालथं घातलं तर सकाळी सात-आठला उताणं करता येतं, दोन्ही वेळी वॉर्डात हात भरपूर. मान दर दोन ते चार तासांनी दुसऱ्या बाजूला वळवायची, एक हात वर, एक खाली, पोहताना असतात तसे. हनुवटी, गाल, छाती, गुडघे इथे जखमा होतात. फोमच्या पट्ट्या आधीच लावा. चेहरा सुजून डोळे उघडेनासे होतात. व्हिडिओ कॉल करायचा असेल तर घरच्यांना हे आधी सांगा. ती सूज उताणं केल्यावर हळूहळू उतरते. आपल्या पेशंटचा आकडा दुसऱ्या सकाळी ऑक्सिजन ०.६ वर ८८, म्हणजे १४७ वर गेला तर ठीक चाललंय. उताणं केल्यावर पुन्हा घसरेल, दुपारी पुन्हा पालथं. असं तीन-चार दिवस, कधी आठवडा.

मग येतात ते दिवस ज्यांत फोनवर सांगायला काही नसतं. घरचे विचारतात 'आज काय सुधारणा?' आणि उत्तर असतं 'ऑक्सिजन ६० वरून ५५.' ही सुधारणाच आहे. परवा तो पुन्हा ६५ होईल, तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर घरात हसू-रडू नका. तीन दिवसांचे शेजारी ठेवून बघा. यंत्र विषाणूला काहीच करत नाही. औषधांचं म्हणाल तर करोनात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, याचा फायदा २०२० मध्ये सिद्ध झाला. फ्लूत ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दोन वेळा राइल्स ट्यूबमधून, आणि तिथे स्टेरॉइडला तसा भक्कम आधार नाही. सलाइन मोजून. शॉक (रक्तदाब कोसळलेली अवस्था) ओसरला की पाणी कमीच ठेवायचं, गरज पडल्यास लघवीचं इंजेक्शन देऊन. २००६ सालच्या १,००० पेशंटांच्या चाचणीत असं केलेले लवकर यंत्रावरून सुटले. भिजलेल्या फुफ्फुसात आणखी पाणी कशाला?

सिस्टरांच्या तासातासाच्या चार्टवर एक आकडा असतो ज्याकडे डॉक्टर फारसे बघत नाहीत: कफचा दाब. नळीच्या टोकाशी फुगा असतो, त्यालाच कफ म्हणतात (खोकल्यातला कफ नव्हे); तो नळी आणि श्वासनलिका यांच्यातली फट बंद करतो. बाहेर लोंबणारा त्याचा छोटा फुगा बोटांनी दाबून 'ठीक आहे' म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज. छोटं मीटर जोडा. २० ते ३० सेंटीमीटर पाण्याइतका हवा. कमी असेल तर तोंडातली घाण कफच्या कडेने खाली उतरून नवा न्यूमोनिया करते. जास्त असेल तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, आणि त्याचं फळ महिन्या-दोन महिन्यांनी दिसतं. डोकं ३० ते ४५ अंश वर, ब्रशने दात घासणं, कफच्या वरचं सक्शन हेही रोजचंच. सक्शन बंद पद्धतीच्या नळीने, एका वेळी १५ सेकंदांच्या आत. सर्किट उगाच सोडू नका: आतला दाब क्षणात जातो, मोठ्या मेहनतीने उघडलेलं फुफ्फुस मिटतं आणि विषाणूही खोलीत उडतो. सोडावंच लागलं तर आधी नळीला चिमटा.

आणि अलार्म. अचानक दाब चढला, सॅचुरेशन पडलं, तर क्रम ठरलेला: नळी सरकली का, नळी बुजली का, फुफ्फुसाबाहेर हवा साठली का, यंत्र बिघडलं का. सक्शनची नळी आत जातच नसेल तर श्वासाची नळी चावलेली, मुरगळलेली किंवा घट्ट स्रावाने बुजलेली असते. एका बाजूचे श्वास ऐकू येत नाहीत आणि रक्तदाब पडतोय तर एक्सरेची वाट न बघता ती साठलेली हवा बाहेर काढायची. चौथी शक्यता वाटली तर फिल्टर लावलेली अँबू बॅग घ्या आणि हाताने श्वास द्या. बॅग बेडशेजारी हवी, स्टोअरमध्ये नव्हे. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने श्वास दिले होते. त्याची कल्पना भूलतज्ज्ञ ब्योर्न इबसेन यांची. दहा मिनिटं आपल्यालाही जमायला हवीत.

ऑक्सिजन ४० टक्क्यांवर, पीप ८ किंवा त्याहून कमी, रक्तदाबाचं औषध बंद किंवा नावापुरतं, हाक मारली की डोळे उघडतात. हे सगळं जुळलं की रोज सकाळी गुंगी थांबवून परीक्षा: यंत्राचा आधार ५ ते ८ वर आणून ३० मिनिटं ते दोन तास पेशंटला स्वतः श्वास घेऊ द्यायचा. श्वासांचा वेग भागिले श्वासाचं लिटरमधलं माप. २८ श्वास आणि ०.३५ लिटर म्हणजे ८०. १०५ च्या आत असेल तर आशा आहे. खोकल्यात जोर आहे का, कफ सोडल्यावर कडेने हवा निघते का, हेही बघा. नळी काढायची ती सकाळी. काढल्यावर हाय फ्लो तयार. दहांतल्या एक-दोघांना पुन्हा टाकावी लागते, आणि ते घरच्यांना आदल्या दिवशीच सांगितलेलं बरं.

गुंगी उतरताना बरेच पेशंट भ्रमात असतात. सिस्टर आपल्याला विकायला निघाल्यात, खिडकीत कुणी उभं आहे, असं सांगतात. त्यांच्याशी वाद घालू नका. चष्मा द्या, कानाचं यंत्र लावा, घड्याळ दिसेल असं ठेवा, वार सांगा. नळी असताना बोलता येत नाही म्हणून अक्षरांची पाटी द्या, पण बोट दाखवायलाही हात उचलत नसेल तर 'हो'ला एकदा डोळे मिटायचे हे ठरवा. तीन आठवडे आडवा पडलेला माणूस पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसला की घामाघूम होतो. त्याला वाटतं फुफ्फुस गेलं. बऱ्याचदा कमी पडत असतात ते स्नायू.

दहा-चौदा दिवसांतही सुटका दिसत नसेल तर गळ्यातून ट्रॅकिओस्टॉमी. 'आता कायमचं भोक' अशी भीती घरोघरी असते. तसं बहुतेकांचं होत नाही: गुंगी कमी होते, तोंड मोकळं होतं, कफ सोडून बोलायची झडप लावली की आवाज येतो, आणि नळी काढल्यावर भोक पट्टीखाली बहुधा काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांत बुजतं. झडप लावण्याआधी कफ सोडलाय ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. झडपेतून हवा आत जाते पण बाहेर येत नाही; कफ फुगलेला राहिला तर श्वास सोडायला वाटच उरत नाही.

घरी जाताना कार्डावर नळीचा नंबर, किती दिवस होती, ट्रॅकिओस्टॉमी कधी केली आणि कधी काढली, हे लिहून घ्या. आवाज काही दिवस घोगरा राहतो, ते चालतं. पण दोन-तीन महिन्यांनी जिना चढताना धाप वाढत चालली आणि श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर दम्याचा पंप घेऊन बसू नका. ते कार्ड घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि कफ होता त्या जागी श्वासनलिका अरुंद झाली आहे का, ते दुर्बिणीने बघायला सांगा.